विकत घेतलेल्या गाण्याचें कुलूप

ज्या वस्तूची किंमत रोख मोजून दिली ती वस्तु आपली झाली, असा व्यवहाराचा साधा नियम आहे. जुन्नरच्या बाजारांतून आणलेला कंदील शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन ठेवला म्हणून विझत नाहीं. घरचे टाळ दुसऱ्या गांवच्या भजनांतही तसेच वाजतात. परंतु संगणकाच्या युगांत अशी एक वस्तु निघाली कीं, ती पैसे देऊन घेतली तरी घेणाऱ्याच्या एका यंत्रांत गाई आणि दुसऱ्यांत मुकी होई. ती वस्तु म्हणजे कुलूपबंद गाणें. हें कुलूप काय होतें, तें उघडून गाणें साध्या सीडीवर कसें उतरवीत, आणि त्यांत हातीं काय येई व काय जाई, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें आम्हीं योजिलें आहे. कपाटांत जुन्या सीड्या, मोटारींत जुनें सीडीयंत्र आणि परदेशीं राहिलेल्या आप्ताच्या संगणकांत तिकडे विकत घेतलेलीं गाणीं, अशी स्थिति ओझरासारख्या गांवींही असूं शकते. तेव्हां हा विषय अगदींच परका नाहीं.

प्रथम गाण्याचे आंकडे कसे होतात तें पाहूं. आपल्या तालुक्यांत खोडद येथें महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या उभ्या आहेत, त्या पुष्कळांनीं पाहिल्या असतील. या परिसरांत पसरलेल्या अशा थाळ्या एकंदर ३० असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशांतून येणाऱ्या मंद रेडिओलहरी तेथें आंकड्यांत उतरविल्या जातात आणि पुढील सारें काम त्या आंकड्यांवर चालतें. ध्वनीचेंही तसेंच आहे. हवेंतील लहरींचें माप ठराविक अंतरानें घेत गेलें आणि तीं मापें क्रमानें लिहून ठेवलीं, म्हणजे त्यांवरून तीच लहर पुन्हां उभी करतां येते. फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून ठरविलेली सीडी १९८२ सालीं बाजारांत आली. तिच्यावर डाव्या व उजव्या कानासाठीं दोन स्वतंत्र लहरी असून, प्रत्येकीचें माप एका सेकंदांत ४४,१०० वेळां घेतलेलें असतें, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर मोजलेलें असतें. हिशेब केला तर एका सेकंदाच्या गाण्यास १४,११,२०० बिट लागतात. पांच मिनिटांच्या अभंगास सुमारें ५ कोटी २९ लाख बाइट लागतात.

एवढें ओझें तारेवरून वाहून आणणें प्रारंभीं फार खर्चाचें होतें. म्हणून ज्या बारकाव्यांकडे मनुष्याचा कान सहसा लक्ष देत नाहीं ते गाळून गाण्याचा संक्षेप करण्याची युक्ति निघाली. एमपी-थ्री व एएसी हीं त्या संक्षेपाचीं दोन प्रसिद्ध नांवें. सेकंदास १,२८,००० बिट या मानानें केलेल्या संक्षेपांत तोच पांच मिनिटांचा अभंग ४८ लाख बाइटांत, म्हणजे मूळच्या अकराव्या हिश्शांत मावतो.

आतां कुलपाकडे वळूं. गाणें आंकड्यांचें झालें म्हणजे त्याची नक्कल करण्यास कांहींच श्रम पडत नाहींत, आणि हजारावी प्रतही पहिलीइतकीच निर्दोष निघते. हें पाहून ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या कंपन्या धास्तावल्या. २८ एप्रिल २००३ रोजीं ॲपल कंपनीनें अमेरिकेंत आयट्यून्स नांवाचें गाण्यांचें दुकान उघडलें. तेथें एक गाणें ९९ सेंटांस मिळे. परंतु फेअरप्ले नांवाच्या कुलपांत बंद होऊन येई. कुलूप म्हणजे काय, तर गाण्याचे आंकडे एका गुप्त संख्येच्या साह्यानें उलटेपालटे करून ठेवावयाचे. ती संख्या हीच किल्ली. ती ग्राहकाच्या नांवच्या खात्याशीं बांधलेली असून, ज्या संगणकास दुकानानें मान्यता दिली असेल त्यालाच मिळे. अशा संगणकांची मर्यादा आरंभीं तीन होती, पुढें पांच झाली. दुसऱ्या कोणत्याही यंत्रास तें गाणें म्हणजे निरर्थक आंकड्यांची रास.

परंतु त्या काळीं लोकांच्या घरीं व मोटारींत सीडीयंत्रें होतीं, आणि विकत घेतलेलें गाणें तेथें वाजत नसेल तर तें घेणार कोण? म्हणून दुकानानें आपल्याच हातानें एक दार उघडें ठेवलें. आयट्यून्समध्यें गाण्यांची यादी करावी, कोरी सीडी यंत्रांत घालावी, आणि ती यादी सीडीवर उतरवावी. एकच यादी प्रथम दहा वेळां आणि २००४ पासून सात वेळां उतरवितां येई. या क्रियेंत कार्यक्रम स्वतःच्या किल्लीनें कुलूप काढतो, संक्षेप उलगडून सेकंदाला ४४,१०० मापें पुन्हां तयार करतो, आणि तीं सीडीवर लिहितो. सीडीचे नियम ठरले तेव्हां कुलपाची कल्पनाच कोणास नव्हती. त्यामुळें साध्या संगीताच्या सीडीवर कुलूप लावण्यास जागाच नाहीं. गाणें तेथें पोंचलें कीं मोकळें झालें. पुढच्या दारास भलें मोठें कुलूप आणि मागचें दार सताड उघडें, ही व्यवस्था आम्हांस थोडी गमतीची वाटते. परंतु ग्राहकाची सोय तीमुळेंच झाली हें खरें.

सीडीवर लिहिण्यास इंग्रजींत ‘बर्न करणें’ म्हणतात, आणि तें नांव बरेंच यथार्थ आहे. कोऱ्या सीडीच्या पोटांत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेसर किरण जेथें जेथें तापतो तेथें त्या थरावर डाग पडतो. वाजवितांना मंद लेसर त्या डागांवरून फिरून कोठें परावर्तन होतें व कोठें नाहीं हें वाचतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. संगणक सीडी दोन प्रकारें लिहितो. ‘ऑडिओ सीडी’ या प्रकारांत उलगडलेलें गाणें जातें; ती जुन्यांतील जुन्या यंत्रावरही वाजते, परंतु तींत सुमारें ८० मिनिटांचेंच संगीत मावतें. ‘डेटा सीडी’ या प्रकारांत संक्षिप्त धारिका जशीच्या तशी जाते. गाणीं शेंकड्यानें मावतात, पण कुलूपही तसेंच जातें. पुष्कळांची फसगत होते ती येथें.

सीडीवरील गाणें पुन्हां संगणकांत घेतलें तर तें बिनकुलपी होतें. मात्र यांत एक खोट आहे, आणि ती समजण्यास आपल्याकडील गुऱ्हाळासारखें दुसरें उदाहरण नाहीं. उसाचा रस आटवून गूळ केला. तो गूळ पाण्यांत विरघळविला तर गोड पाणी होईल. पण तो कांहीं उसाचा रस नव्हे. आटवितांना जें गेलें तें गेलें. त्याचप्रमाणें संक्षेपांत गळालेले बारकावे सीडीवर मोठ्या जागेंत गाणें पसरल्यानें परत येत नाहींत. आणि त्या सीडीवरून पुन्हां एमपी-थ्री केली, तर संक्षेपावर दुसरा संक्षेप होऊन टाळ-झांजांचा नाद भरड व पाणचट होतो. म्हणून सीडीवरून परत घेतांना वेव्ह किंवा फ्लॅक यांसारख्या, कांहींही न गाळणाऱ्या प्रकारांत घ्यावें. जागा अधिक लागते, पण नुकसान तेथेंच थांबतें.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर २००८ सालच्या दोन घटनांत आहे. त्या वर्षीं मायक्रोसॉफ्टनें कळविलें कीं, बंद झालेल्या एमएसएन म्युझिक दुकानाच्या गाण्यांना यापुढें नव्या संगणकासाठीं किल्ल्या मिळणार नाहींत. लोकांनीं ओरड केल्यावर ती मुदत पुढें ढकलावी लागली. पाठोपाठ याहूनेंही आपलें दुकान व किल्ल्या बंद करण्याची तारीख जाहीर केली, आणि ग्राहकांस सल्ला दिला तो हाच, कीं गाणीं सीडीवर उतरवून ठेवा. म्हणजे संगणक बदलला कीं रोख पैसे मोजून घेतलेलें गाणें मुकें. ज्यानें वेळींच सीडी करून ठेवली त्याचेंच राहिलें. किल्ली परक्याच्या घरीं टांगलेली असेल तर कोठाराचा धनी कोण, हा प्रश्न त्या वर्षीं हजारों ग्राहकांस पडला. ॲपलच्या दुकानांतील गाण्यांचें कुलूप मात्र २००९ सालीं निघालें. त्यापूर्वीं घेतलेलीं गाणीं ज्यांच्याजवळ आहेत त्यांनीं प्रथम त्याच खात्यांतून तीं पुन्हां उतरवून पाहावीं. पुष्कळदां बिनकुलपी प्रत मिळते आणि सीडीचा फेरा वांचतो.

आपल्या देशांत या दुकानाची शाखा डिसेंबर २०१२ मध्यें उघडली, तोंवर कुलूप गेलें होतें. त्याच सालच्या फेब्रुवारींत बंगळूरच्या फ्लिपकार्टनें फ्लाइट नांवाचें गाण्यांचें दुकान काढलें व जून २०१३ मध्यें तें मिटलेंही. परंतु तेथील गाणीं साध्या एमपी-थ्री असल्यामुळें, ज्यांनीं तीं उतरवून ठेवलीं त्यांचीं तीं दुकान मिटल्यावरही वाजत राहिलीं. त्या काळांत तालुक्याच्या गांवीं मेमरी कार्डांत शेंकडों गाणीं भरून देणारीं छोटीं दुकानेंही फार चालत. तेथें कुलूप नव्हतें, तसा हक्कही नव्हता. त्या पैशांतून गाणाऱ्याच्या वा लिहिणाऱ्याच्या हातीं छदामही पडत नसे. तमाशा-लावणीचें माहेरघर असें नारायणगांव आपल्या इतक्या जवळ आहे, विठाबाई नारायणगांवकरांसारख्या कलावतीनें तें नांव महाराष्ट्रभर नेलें. तेथल्या कलावंतांचे दिवस ज्यांनीं जवळून पाहिले त्यांस या गोष्टीचें गांभीर्य निराळें सांगावयास नको.

कायद्याचें म्हणणें थोडक्यांत असें. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत खाजगी उपयोगासाठीं केलेल्या रास्त वापरास मुभा आहे. शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमांत शिक्षक, विद्यार्थी व पालक एवढेच श्रोते असतील तर ध्वनिमुद्रण वाजविण्यासही मुभा आहे. तेव्हां स्नेहसंमेलनाच्या चिंतेचें कारण नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें ६५-अ हें कलम आलें. दुसऱ्याचा हक्क बुडविण्याच्या हेतूनें असें कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड त्यांत सांगितला आहे. त्याच दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांचा मोबदल्यांतील वाटाही राखून ठेवला. दुकानानेंच दिलेल्या सोयीनें स्वतःसाठीं सीडी उतरविणें हें कुलूप फोडणें नव्हे. त्या सीडीच्या प्रती काढून बाजारांत विकणें हा मात्र सरळ गुन्हा होय.

हल्लींचा प्रकार पुन्हां निराळा आहे. स्पॉटिफाय, जिओसावन इत्यादि ॲपांत ‘डाऊनलोड’ असें जें बटण दिसतें तें खरेदीचें नव्हे. तेथें वर्गणी भरून गाणें भाड्यानें मिळतें. तें कुलूपबंदच असतें, वर्गणी संपली कीं अबोल होतें, आणि सीडीवर उतरविण्याची सोय तेथें ठेवलेलीच नाहीं. भाडें स्वस्त आहे व संग्रह अफाट आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि जें गाणें घरांत कायमचें असावें असें वाटतें, तें बिनकुलपी विकत घ्यावें, किंवा छापील सीडीच घ्यावी.

सीडी उतरविणारांस शेवटीं दोन शब्द. वेग कमी ठेवावा आणि लिहून झाल्यावर तबकडी बंद करण्याचा पर्याय निवडावा, नाहींतर जुनें यंत्र ती ओळखत नाहीं. नांव लिहितांना बॉलपेन वापरूं नये. परावर्तक थर लेबलाच्या बाजूस अगदीं वरच असतो आणि टोंकदार लेखणीनें तो दुखावतो. मऊ टोंकाचें मार्कर बरें. उन्हानें रंगद्रव्य फिकें पडतें, म्हणून मोटारीच्या कांचेपाशीं ठेवलेली सीडी हीच एकुलती प्रत असूं नये. वर्षा-दोन वर्षांनीं ती एकदां वाजवून पाहावी, आणि अडखळूं लागली तर संगणकांत राखलेल्या वेव्ह प्रतीवरून दुसरी करावी.