सायकलच्या मागच्या चाकातील ‘कुत्री’

सायकल ही आपल्या इतक्या रोजच्या परिचयाची वस्तू आहे की तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. परंतु गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस बीदरमध्ये पापनाशच्या खोलगट भागातून वर येताना जांभ्या दगडाच्या चढावर मी गियरच्या सायकलसह आडवा झालो. उजवे मनगट मोडले, महिनाभर हात प्लास्टरमध्ये राहिला आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा पेपर बुडाला. पडण्याचे कारण शोधता शोधता जे समजले, ते विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

पडलो तो असा. चढावर एक मोठा दगड आडवा आला. मी क्षणभर पाय थांबवला, तोल सावरला आणि पुन्हा जोर दिला. पायडल खाली गेले, पण चाकाला ओढच लागली नाही. पाय जवळजवळ वीतभर पोकळीत गेल्यासारखा झाला आणि नंतर खाडकन पकड आली. तोपर्यंत सायकल उभी राहून कलंडली होती.

ही पोकळी कोठून येते? आपण पायडल मारायचे थांबलो तरी सायकल पुढे जात राहते, याचे श्रेय मागच्या चाकातील फ्रीव्हीलला आहे. त्याच्या आत एक दातेरी कडे असते आणि त्या दातांत अडकणारे दोन-तीन लहान खटके असतात. या खटक्यांना आपल्याकडचे मिस्त्री ‘कुत्री’ म्हणतात. प्रत्येक कुत्र्याखाली बारीक स्प्रिंग असते. पायडल मारले की कुत्री दातांना धरतात आणि चाक ओढले जाते. पाय थांबवला की ती दातांवरून घसरत जातात. उतारावर ऐकू येणारी टिकटिक ती हीच.

आता पाय थांबवून पुन्हा जोर दिला, तर कुत्रे पुढच्या दाताशी पोचेपर्यंत चाक धरले जाणार नाही. कड्याला 18 दात असतील, तर एका दातापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर 360 भागिले 18, म्हणजे 20 अंश. नशीब चांगले असेल तर पकड लगेच मिळेल, वाईट असेल तर पूर्ण 20 अंश वाट पाहावी लागेल. सरासरीने 10 अंश धरावेत.

हा प्रयोग कोणालाही घरी करता येईल. सायकल उलटी ठेवा, टायरवर खडूची एक खूण करा. पायडल हाताने घट्ट धरून मागचे चाक हळूहळू पुढच्या दिशेने एक पूर्ण फेरा फिरवा आणि टिकटिक मोजा. जितके आवाज, तितक्या पकडीच्या जागा. माझ्या सायकलीत त्या 18 भरल्या.

येथे मला एक कोडे पडले. आजोबांच्या जुन्या काळ्या सायकलीतही मी 18 च मोजले होते, पण तिने कधी असा दगा दिला नव्हता. उत्तर चक्रांच्या दातांत आहे. चाकाजवळचे 20 अंश पायडलपाशी किती होतात, हे काढण्यासाठी त्यांना मागच्या चक्राच्या दातांनी गुणून पुढच्या चक्राच्या दातांनी भागावे लागते. आजोबांच्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दात. म्हणून पायडलची मोकळी चाल सुमारे 8 अंश. पायडलचा दांडा 170 मिलिमीटर धरला, तर पाय जेमतेम अडीच सेंटिमीटर मोकळा जातो. ते जाणवतही नाही.

माझी सायकल चढावर होती तेव्हा पुढे 24 आणि मागे 28 दातांचे चक्र लागलेले होते. तेथे तेच 20 अंश पायडलपाशी 23 अंश होतात आणि पाय सुमारे 7 सेंटिमीटर मोकळा जातो. म्हणजे चढ जितका अवघड, गियर जितका हलका, तितकी ही पोकळी मोठी. जेथे पकड तात्काळ हवी, तेथेच ती उशिरा मिळते.

तरीही 7 सेंटिमीटर म्हणजे वीत नव्हे. उरलेल्या अंतराचा खुलासा हैदराबादला झाला.

प्लास्टर निघाल्यावर मी कन्नड विभागातील एका मित्राबरोबर हैदराबादला मामांकडे गेलो. मामा म्हणाले, “अरे, बेगम बाजार असताना काळजी कसली?” मुसी नदीच्या उत्तरेकडील हा जुना घाऊक बाजार. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या बेगम हुमदा यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. भांडी, सुकामेवा, मसाले, लोखंडी सामान यांची दुकाने गल्लोगल्ली खेटून उभी आहेत. 1956 पर्यंत बीदर, गुलबर्गा आणि मराठवाडा ही सारी हैदराबाद संस्थानाची व नंतर राज्याची अंगे होती. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला येथे परके वाटत नाही. मी मराठीत विचारले, मित्राने कन्नडमध्ये, आणि उत्तर दोघांनाही दखनी उर्दूत मिळाले.

एका गल्लीत पोत्यावर बसून चाके बांधणारे एक वृद्ध मिस्त्री भेटले. सारे त्यांना चाचा म्हणत होते, आम्हीही म्हटले. मी त्यांना माझे अंशांचे गणित ऐकवले आणि जास्त दातांचे परदेशी हब कोठे मिळेल असे विचारले. त्यासाठी शिष्यवृत्तीचे पैसे खिशात होते. तेवढ्यात घरचा दोन महिन्यांचा किराणा झाला असता. चाचांनी गणित शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेटा, दांतां गिन्को क्या करते? कुत्ते उठरे क्या, पैले वो देखो.”

त्यांनी फ्रीव्हीलच्या झाकणावरील खाचेत छिन्नी टेकवून हातोडीने हलके ठोके दिले. हे झाकण उलट्या आट्यांचे असते, हे लक्षात ठेवले पाहिजे. नेहमीच्या दिशेने सोडवू गेल्यास ते अधिकच आवळते. आत बारीक छर्रे असतात. मी घाईने हात घातला आणि निम्मे छर्रे गल्लीत सांडले. ते वेचण्यात अर्धा तास गेला.

आतील दृश्य पाहून मला लाज वाटली. पावसाळ्यापूर्वी मीच हौसेने घट्ट ग्रीस ठासून भरले होते. त्यात धूळ मिसळून चिखल झाला होता आणि दोनपैकी एक कुत्रे त्यात चिकटून निजले होते. दुसऱ्याचे टोक झिजून गोल झाले होते. त्यामुळे ते अधूनमधून एक दात सोडून पुढच्यावर अडकत असे. म्हणजे 20 ऐवजी 40 अंश आणि पायाखालची पोकळी जवळजवळ 14 सेंटिमीटर. मी पडलो तो दातांच्या संख्येमुळे नव्हे, स्वतःच्या अज्ञानामुळे.

चाचांनी सर्व भाग डिझेलमध्ये धुतले, नवे कुत्रे व स्प्रिंगा बसवल्या आणि ग्रीसऐवजी पातळ तेलाचे चार थेंब सोडले. खर्च नाममात्र आला. हब न घेता मी परतलो.

पुढे दोन महिने सायकल नीट चालली. पाय निसटणे बंद झाले. पण दगडधोंड्यांच्या वाटेवर, जेथे अर्धे अर्धे पायडल मारत जावे लागते, तेथे ती 7 सेंटिमीटरची चाल आता स्पष्ट जाणवू लागली. तेव्हा विचारपूर्वक ठरवून पुन्हा बेगम बाजार गाठला.

माझे जुने फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेले होते. नव्या पद्धतीत कुत्री हबच्याच एका भागात असतात आणि चक्रांचा संच त्यावर सरकवून बसवतात. यास फ्रीहब म्हणतात. शिमानो कंपनीने 1978 च्या सुमारास ही रचना बाजारात आणली आणि पुढे ती रूढ झाली. हिच्यात उजवीकडील बेअरिंग बाहेरच्या टोकाशी असल्याने आसही कमी वाकतो. मी घेतलेल्या हबमध्ये 36 दात आणि 6 कुत्री आहेत. पैकी तीन कुत्री दातांत बसलेली असतात तेव्हा उरलेली तीन दोन दातांच्या मध्यावर असतात. त्यामुळे पकडीच्या जागा 72 होतात आणि अंतर 5 अंशांवर येते. त्याच गियरमध्ये पायाची चाल 7 सेंटिमीटरवरून पावणेदोन सेंटिमीटरवर आली.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, हबची व रिमची भोके सारखी हवीत. मी प्रथम 32 भोकांचे हब उचलले होते, रिमला होती 36. मित्राने वेळीच थांबवले. दुसरी, फ्रेममधील मागच्या आसाची रुंदी. माझ्या सायकलीत ती 135 मिलिमीटर आहे. तिसरी, हबच्या कडेचा व्यास बदलला की जुने स्पोक लांबीला चालत नाहीत, नवे घ्यावे लागतात. सात चक्रांचा संच आठ-नऊ चक्रांच्या फ्रीहबवर बसवायचा असेल, तर मागे साडेचार मिलिमीटरची कडी घालावी लागते.

जगात ही शर्यत बरीच पुढे गेली आहे. डी. टी. स्विस कंपनीच्या हबमध्ये कुत्र्यांऐवजी समोरासमोर भिडणाऱ्या दोन दातेरी चकत्या असतात. 18 दातांच्या काढून 36 किंवा 54 दातांच्या घातल्या की काम झाले. इंडस्ट्री नाइनच्या ‘हायड्रा’ हबमध्ये 115 दात आणि एकामागून एक धरणारी 6 कुत्री मिळून 690 जागा होतात, म्हणजे अंतर जेमतेम अर्धा अंश. पण दात जितके बारीक तितके ते उथळ. घट्ट ग्रीस वा कचरा त्यांना अधिक लवकर निकामी करतो. शिवाय ज्या सायकलींना मागेही स्प्रिंग असते, त्यांत पकड फार तत्पर असली, तर खड्ड्यात चेन ताणून पायडल पायाला उलटा झटका देते. म्हणून सर्वांत जास्त जागा म्हणजे सर्वांत चांगले हब, असे समजू नये.

कॉलेजला सपाट रस्त्याने येणाऱ्यांना यातील कशाचीच गरज नाही. त्यांनी वर्षातून एकदा फ्रीव्हील धुवून पातळ तेल सोडावे, एवढे पुरे. डोंगरवाटेच्या हौशी मित्रांनी मात्र आधी टिकटिक मोजावी, मग आत काय आहे ते उघडून पाहावे आणि त्यानंतरच खिशात हात घालावा.

यंदा बुडालेला पेपर दिला. मनगट थंडीत अजून दुखते. पापनाशचा चढ मात्र परवा न उतरता पार केला.