अली की टायसन? आधी सांगा, मैदान कोणाचं!

दोन वेगळ्या काळांतले दोन महाबली समोरासमोर आले तर? ऑफिसच्या कॅन्टीनपासून हायवेच्या टपरीपर्यंत रंगणारा हा वाद. फुकटातला, पण वाटतो तेवढा टाइमपास नाही...

दिवाळीला गावी गेलं की आमच्या दोन गोष्टी ठरलेल्या. आईच्या हातचे अनारसे आणि हायवेवरच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत चालणारं भांडण. गाव म्हणजे देवरी. नागपूरहून भंडारा, साकोली मागे टाकत रायपूरकडे निघालात की महाराष्ट्र संपता संपता लागतं ते. सीजी पासिंगचे ट्रक धडधडत जात असतात, गावोगावच्या मंडईतल्या नाटकांची जाहिरात करत एखादी जीप फिरत असते आणि टपरीवर आमची गँग. एक हिंजवडीत कोडिंग करतो, एक रायपूरला बँकेत आहे आणि मी नागपुरात. वर्षभर व्हॉट्सअपवर जे भांडून संपत नाही, ते इथे चहावर पुढे चालू.

यंदाचा विषय होता मोहम्मद अली विरुद्ध माइक टायसन. दोघंही पंचविशीतले, दोघंही फुल फॉर्मात. कोण जिंकेल?

हिंजवडीवाला टायसनचा भक्त. २२ नोव्हेंबर १९८६ ला वयाच्या विसाव्या वर्षी हेवीवेट चॅम्पियन झालेला माणूस तो, पहिल्या दोन राऊंडमध्ये खेळ खलास! बँकवाला अलीवाला. त्याचं म्हणणं, ‘पहिले चार राऊंड अली नुसता नाचेल बे, पाचव्यात टायसनला धाप लागेल.’ मग यूट्यूब निघालं, हाताची लांबी निघाली, वजनं निघाली. तासाभरानं टपरीवाले काका, जे तरुणपणी दंगलीत उतरायचे आणि अजून ज्यांचे कान फुलकोबीसारखे आहेत, गाळणी झटकत एवढंच म्हणाले, ‘मैदान कोनाचं हाय, ते सांगा पयले.’

आम्ही हसलो. पण नागपूरला परत येताना बसमध्ये तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. काकांनी एका वाक्यात सगळ्या वादाची नस पकडली होती.

कॉम्प्युटर म्हणाला, मार्सियानो!

तुम्हाला वाटत असेल, हे असले उद्योग आपल्यासारख्या रिकामटेकड्यांचेच. अजिबात नाही. १९६९ मध्ये मरे वॉरोनर नावाच्या अमेरिकन निर्मात्यानं यावर चक्क धंदा केला. त्याआधी त्यानं जुन्या-नव्या हेवीवेट चॅम्पियन्सची माहिती कॉम्प्युटरला भरवून रेडिओवर काल्पनिक स्पर्धा घेतली होती. त्यात अली हरला, म्हणून अलीनं त्याच्यावर खटला भरला! शेवटी तडजोड झाली आणि ठरलं ते असं, की रॉकी मार्सियानो आणि अलीनं स्टुडिओत खरोखर रिंगमध्ये उतरायचं, शूटिंग करायचं आणि शेवट कॉम्प्युटर ठरवणार.

दोघांची त्या वेळची अवस्था बघा. मार्सियानो ४९ लढतींत ४९ विजय घेऊन १९५६ मध्येच निवृत्त झालेला. शूटिंगसाठी त्यानं वीसेक किलो वजन उतरवलं आणि डोक्यावर विग चढवला. अली तर ऐन भरात, पण व्हिएतनाम युद्धात जायला नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये त्याचा किताब आणि लढण्याचा परवाना दोन्ही काढून घेतलेले. म्हणजे एकाकडे वय उरलं नव्हतं, दुसऱ्याकडे परवानगी. मायामीत एकेका मिनिटाचे सत्तरेक राऊंड शूट झाले, वेगवेगळे शेवटही शूट झाले. कोणता शेवट वापरणार, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

मार्सियानोला ते कधीच कळलं नाही. ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात तो गेला. २० जानेवारी १९७० ला फिल्म थिएटरांत लागली, आणि अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिलं की तेराव्या राऊंडमध्ये मार्सियानोनं अलीला नॉकआउट केलंय. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत मात्र अली जिंकला! एकच लढत, दोन खंड, दोन विजेते. काळ्यांवरच्या अत्याचारांसाठी बदनाम असलेल्या राज्याचं नाव घेऊन, हा कॉम्प्युटर अलाबामात बनवलेला दिसतोय, असं अली नंतर म्हणाल्याचं सांगतात. जोक म्हणून सोडून देऊ नका. गोऱ्या, निवृत्त, अपराजित हिरोनं त्या ‘उद्धट’ अलीला झोपवावं, ही अनेकांच्या मनातली फर्माईश होती. मशीननं ती पुरी केली, एवढंच.

थोडक्यात, मैदान वॉरोनरचं होतं.

तेराव्याचा लोचा

आता आणखी एक गंमत. २३ सप्टेंबर १९५२ ला मार्सियानो पहिल्यांदा चॅम्पियन झाला तो जर्सी जो वॉलकॉटला हरवून. त्या रात्री तिन्ही पंचांच्या कागदावर तो मागे होता. तेराव्या राऊंडमध्ये त्याचा उजवा हात बसला आणि वॉलकॉट दोरांवर घसरला. लढत पंधरा राऊंडची होती, म्हणून तेरावा राऊंड होता. पुढे नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या राऊंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर हळूहळू सगळीकडे किताबाच्या लढती बारा राऊंडच्या झाल्या. नियम बदलला ते चांगलंच झालं, त्यात वादच नाही. पण आजच्या नियमात तो वॉलकॉट पॉइंट्सवर जिंकला असता आणि ४९-० हा सुप्रसिद्ध आकडा जन्मालाच आला नसता. कॉम्प्युटरनं अलीला झोपवलं तोही तेरावाच. आजच्या मैदानात तो राऊंडच नाही, बॉस!

‘पण हल्लीचे बॉक्सर केवढे अजस्र असतात,’ असं कोणीतरी म्हणणारच. खरंय. मार्सियानो पावणेसहा फुटांच्या थोडा वर, वजन जेमतेम ८५ किलो. टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच. पण मे २०२४ मध्ये रियाधला याच फ्युरीला ओलेक्झांडर उसिकनं हरवलं, त्याच्याहून सतरा-अठरा किलोंनी हलका असून. डिसेंबरात पुन्हा हरवलं. तेव्हा नुसत्या काट्यावर निकाल लावू नका.

आणि खरोखरच दोन काळ रिंगमध्ये भेटले तर? तेही झालंय, आणि ते बघवत नाही. १९५१ मध्ये मार्सियानोनं आपलाच हिरो, सदतीस वर्षांचा जो लुई, याला आठव्या राऊंडमध्ये पाडलं आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडला. १९८० मध्ये अडतीस वर्षांच्या अलीला लॅरी होम्सनं दहा राऊंड बदडलं, शेवटी अलीच्याच माणसांनी लढत थांबवली. १५ नोव्हेंबर २०२४ ला अठ्ठावन्न वर्षांचा टायसन सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलसमोर उतरला, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. खरं सांगायचं तर मी सहाव्या राऊंडला लॅपटॉप मिटला. टपरीवरच्या लढतीचा हाच मोठा फायदा असतो, तिथे दोघंही पंचविशीचे राहतात.

लंडनची गादी, पतियाळाची माती

काकांचा प्रश्न मुळात आपल्या कुस्तीतलाच. माती की गादी? फरक नुसता फोमचा नाही. मातीतली जुनी कुस्ती निकाली. घड्याळ नाही, पॉइंट नाहीत, समोरच्याची पाठ मातीला लागली की संपलं. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, ताबा घेतला की दोन गुण, दहा गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच बंद. मातीत पाय रुततो, दम मोजला जातो. गादीवर वेग मोजला जातो.

पुरावा हवा? १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा पैलवान पोलंडच्या स्तानिस्लाव झ्बिश्कोसमोर उभा राहिला. झ्बिश्को गादीवर पालथा पडून राहिला तो जवळजवळ पूर्ण लढतभर. अडीच तासांहून जास्त वेळ गेला, निकाल नाही! पुढे १९२८ मध्ये पतियाळाला हेच दोघं पुन्हा भिडले, या वेळी आपल्या आखाड्यात. गामानं एका मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. आता दोघंही पन्नाशीच्या आसपास होते हे मान्य. पण दोघंही! वय दोघांचं सारखंच वाढलं होतं, मैदान तेवढं बदललं होतं.

आणि हा जुन्या-नव्याचा सामना आपल्याकडे दरवर्षी होतो, तोही सरकारी इतमामात. महाराष्ट्र केसरीला माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता गदेसाठी एकमेकांशी लढतात. फक्त लढतात ते गादीवर! मातीचा पठ्ठ्या मातीत सगळ्यांना लोळवून येतो आणि शेवटची कुस्ती परक्या मैदानात खेळतो. मला हे कायमच थोडं खटकतं. नियमाच्या बाजूनं उत्तर तयार आहे, की ऑलिम्पिक गादीवर असतं, आणि ते चूक नाही. पण जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागातल्याच एका कुस्तीत चार गुण दिले ते बरोबर की चूक, यावर अख्खा महाराष्ट्र भांडला होता. मातीतही हल्ली पॉइंटांवरून भांडणं होतात म्हणजे गादी कधीचीच आखाड्यात शिरलीय.

माझी ड्रीम फाइट : ५७ किलो

हेवीवेट राहू दे. माझी लढत ठरली आहे. खाशाबा जाधव विरुद्ध अमन सेहरावत.

योगायोग बघा. खाशाबा, हेलसिंकी १९५२, फ्रीस्टाइल, ५७ किलो, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अमन, पॅरिस २०२४, फ्रीस्टाइल, ५७ किलो, ब्राँझ. बहात्तर वर्षांचं अंतर आणि तोच गट, तोच रंग. एवढंच नाही, खाशाबा जपानच्या शोहाची इशीकडून हरले आणि इशीला सोनं मिळालं. अमन जपानच्या रेई हिगुचीकडून हरला आणि सोनं हिगुचीला मिळालं. स्क्रिप्ट लिहिणारा एकच आहे की काय?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा मातीत घडले. १९४८ ला लंडनमध्ये पहिल्यांदा गादीवर उतरले आणि तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून ते पैसे फेडले.

लढत लावू या. आजची गादी, आजचे सहा मिनिटं : माझ्या मते अमन. त्याचा वेग, पायांवर झेपावणं आणि पॉइंट साठवत जाणं खाशाबांच्या काळात कोणी पाहिलंच नव्हतं. पॅरिसला ब्राँझच्या कुस्तीत त्यानं १३ गुण घेतले होते. कोल्हापूरचं खासबाग, लाल माती, घड्याळ नाही : खाशाबा, डोळे झाकून. त्यांचा ढाक प्रसिद्ध होता. मान बगलेत आवळायची आणि पाठीवरून उचलून आदळायचं. आणि हेलसिंकीचे नियम, जिथे कुस्ती पंधरा मिनिटांपर्यंत चालायची? इथे मी पैसे खाशाबांवर लावतो. दहाव्या मिनिटानंतर मातीतला दम बोलेल.

पण एक गोष्ट आहे, जी या हिशेबात कुठेच बसत नाही. पॅरिसला सेमीफायनल हरल्यावर अमनचं वजन साडेचार किलोंनी वाढलेलं निघालं. आदल्याच दिवशी विनेश फोगट शंभर ग्रॅमसाठी बाद झाली होती. त्या रात्री कोच मंडळी झोपली नाहीत. ट्रेडमिल, सॉना, गरम पाणी, पुन्हा ट्रेडमिल. दहा तासांत ४.६ किलो उतरवून सकाळी तो काट्यावर उभा राहिला. हेलसिंकीत खाशाबांना एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच पुढच्या कुस्तीला बोलावलं. मधे विश्रांती मिळायला हवी हा नियम होता, पण तो पंचांना ऐकवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

एकाच्या पाठीशी रात्रभर जागी टीम. दुसऱ्यासाठी अर्ध्या तासाची विश्रांती मागणाराही कोणी नाही. म्हणून माझ्या लढतीत एक अट घातली आहे. मैदान कोणतंही असो, खाशाबांच्या कोपऱ्यात अमनची ती टीम उभी हवी. मग माझा गादीवरचा निकालही मी बदलायला तयार आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा देवरीला गेलो तेव्हा हे सगळं काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘दोघंबी सत्तावन किलोचेच?’

‘हो काका.’

‘मंग त्या पोराले कुस्तीआधी चहा नोका पाजू.’

हसू नका, सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत अमन १.७ किलो जास्त भरला म्हणून खरोखरच बाद झाला होता. काकांना हे माहीत असण्याची शक्यता शून्य. हिंजवडीवाल्यानं तेवढ्यात नवीन जोडी काढली, ब्रूस ली विरुद्ध दारासिंग, आणि बँकवाला मैदान कोणतं म्हणून विचारायला तोंड उघडतोय तोच काकांनी गल्ल्यावरची वही पुढे सरकवली.

‘ते ठरवा मंग. पयले दिवाळीचे बाकी हायत, ते द्या.’