नौकेची फजिती

आमच्या देऊळघाटची पैनगंगा ही शर्यतीच्या नौकांची नदी नव्हे. तथापि परक्या पाण्यावरील एका फजितींतून मिळणारा बोध आपल्या घरांतही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्लंडांत थेम्स नदीवर ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची नौकाशर्यत होत असते. १९८४ सालीं शर्यत सुरू होण्यापूर्वींच केंब्रिजची नाव एका उभ्या पडावावर आदळली, तिचा अग्रभाग मोडला व ती पाण्याखालीं गेली! शर्यत दुसऱ्या दिवशीं झाली, जिंकलें ऑक्सफर्ड. या नावेंत आठ वल्हेकरी पाठमोरे बसतात. पुढचें पाहणारा एकटा सुकाणूवाला. त्याची दृष्टि चुकली कीं आठांचें बळ व्यर्थ.

यांत्रिक नावेस तर मोटारीसारखा ब्रेकही नसतो. २४ ऑक्टोबर २०१८ रोजीं मुंबईच्या समुद्रांत शिवस्मारकाच्या कार्यक्रमास निघालेली एक वेगवान नाव खडकावर आदळून बुडाली व एका तरुणाचा प्राण गेला. पडाव स्थिर, खडकही स्थिर. एके ठिकाणीं हंसें झालें, दुसरीकडे आकांत.

म्हणून मुलांस नौकाविहारास नेतांना तीन गोष्टी पाहाव्या : प्रत्येकाच्या अंगांत जीवरक्षक जाकीट आहे; चालकाचें लक्ष पुढें आहे; आणि इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या अंगास अडकविलेली आहे. तो पाण्यांत पडला तर दोरी सुटून इंजिन थांबतें. असा आग्रह धरतांना चारचौघांनीं आपणांस भित्रे म्हटलें, तर खुशाल म्हणोत. एवढी फजिती पत्करण्यासारखी आहे.