अमेरिकी विमानकंपन्यांसाठी परदेशी वैमानिकांची पात्रता

अमेरिकेबाहेरील विमानकंपन्यांत अनुभव मिळवलेल्या वैमानिकाला अमेरिकी प्रवासी विमानकंपनीत काम करण्यासाठी तेथील फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचे (एफएए) एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट (एटीपी) प्रमाणपत्र मिळवावे लागते. परदेशी परवान्याचे या प्रमाणपत्रात थेट रूपांतर होत नाही. परदेशातील उड्डाणतास मात्र ग्राह्य धरले जातात. परदेशी परवान्याच्या आधारे परीक्षेविना केवळ खासगी वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळू शकते; त्यावर मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही.

पार्श्वभूमी

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान न्यू यॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोसळून ५० जणांचा मृत्यू झाला. विमानाचा वेग घटून स्टॉलचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने चुकीची कृती केल्याचे तपासात आढळले. त्यानंतर २०१० साली झालेल्या कायद्यामुळे विमानकंपन्यांच्या सहवैमानिकांनाही एटीपी प्रमाणपत्र बंधनकारक झाले.

प्रमाणपत्राच्या अटी

पूर्ण एटीपी प्रमाणपत्रासाठी किमान वय २३ वर्षे असून इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता व समजता येणे आवश्यक असते. एकूण १,५०० उड्डाणतासांपैकी ५०० तास दूर पल्ल्याच्या, तर १०० तास रात्रीच्या उड्डाणांचे असावे लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सदस्य देशाचा, उपकरणाधारित उड्डाणाच्या अधिकारासह एटीपी परवाना असल्यास आधी अमेरिकी व्यावसायिक प्रमाणपत्र घेण्याची गरज नसते. भारत या संघटनेचा सदस्य असल्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा असा परवाना असलेल्यांनाही हा मार्ग खुला आहे. त्यासाठी मूळ देशाकडून परवान्याची पडताळणी करून घ्यावी लागते.

ऑगस्ट २०१४ पासून लेखी परीक्षेपूर्वी विशेष प्रशिक्षणक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात ३० तासांचे वर्गशिक्षण व १० तासांचे सिम्युलेटर प्रशिक्षण असते. हजारो तासांच्या अनुभवामुळेही यातून सूट मिळत नाही. लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक परीक्षा होते. विशिष्ट विमानप्रकारासाठीचे टाइप रेटिंग बहुधा याच परीक्षेत मिळवले जाते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अशा प्रशिक्षणासाठी परदेशी नागरिकांची सुरक्षा तपासणीही केली जाते.

काम करण्याचा हक्क

एटीपी प्रमाणपत्रामुळे अमेरिकेत राहण्याचा किंवा नोकरी करण्याचा हक्क मिळत नाही. तो स्थायी निवास (ग्रीन कार्ड) किंवा योग्य व्हिसाद्वारे स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी ई-३ हा वेगळा व्हिसा असून काही प्रादेशिक विमानकंपन्यांनी त्याचा उपयोग केला आहे.

सेवाज्येष्ठता

अमेरिकी विमानकंपन्यांत विमानप्रकार, तळ, कामाचे वेळापत्रक व बढती सामान्यतः त्या कंपनीतील रुजू होण्याच्या क्रमानुसार ठरते. त्यामुळे परदेशात अनेक वर्षे कॅप्टन असलेला वैमानिकही सहसा यादीच्या तळाशी सहवैमानिक म्हणून रुजू होतो. शिवाय नियमित विमानकंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणारे १,००० तास मुख्यतः अमेरिकी नियमांखालील कंपन्यांच्या सेवेतील असावे लागतात. अशा प्रकारे परदेशातील अनुभव प्रमाणपत्र मिळवताना मोजला जातो. कॅप्टनपदासाठी मात्र तो पुरेसा ठरत नाही. वयाची ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर या कंपन्यांत वैमानिक म्हणून काम करता येत नाही. त्यामुळे उशिरा स्थलांतर करणाऱ्यांना पुन्हा कॅप्टन होण्यासाठी मोजकीच वर्षे उरतात.