राजा पुन्हा का आठवतो?

रत्नागिरीला पाहुणा आला की तीन गोष्टी त्याला दाखवल्यावाचून आम्हांला चैन पडत नाही : टिळकांचे जन्मघर, रत्नदुर्ग आणि थिबा राजाचा राजवाडा. पहिल्या दोन ठिकाणी पाहुणे आदराने उभे राहतात. राजवाड्यात मात्र प्रश्न विचारू लागतात. ब्रह्मदेशचा राजा इथे आमच्या खाडीकाठी कसा आला?

उत्तर आम्हांला तोंडपाठ आहे. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाला राणी सुपयालतसह बोटीत बसवले, आधी मद्रासला नेले आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीत आणून ठेवले. सरकारने त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा १९१० साली पुरा झाला. त्यात सहा वर्षे काढून १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू तर पुरती रत्नागिरीकर होऊन गेली. मराठीत बोलली, इथेच संसार केला आणि २००० साली इथेच वारली. मौज अशी की मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवासात होता, त्याच काळात रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांनी जणू दोन गावांत कैद्यांची अदलाबदलच केली होती.

अलीकडे मात्र पाहुण्यांचे प्रश्न बदलले आहेत. वर्तमानपत्र वाचणारा एखादा विचारतो, "काय हो, नेपाळात राजा परत आणा म्हणतात, ब्रह्मदेशात भिक्षू राजकारणात उतरतात, लंकेतही तेच. या सगळ्या शेजाऱ्यांना झाले आहे तरी काय?" प्रश्न मोठा आहे. पण त्याचे एक टोक आमच्या गावात अडकलेले असल्यामुळे त्यावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

थडगे आणि पुतळे

थिबाचे थडगे रत्नागिरीतच आहे. कित्येक वर्षे तिकडे कोणी फारसे फिरकत नसे. मग २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम येऊन थडग्यापुढे नतमस्तक झाले. २०१६ साली राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली, तेव्हा राजाचे वंशज आले आणि त्यांच्याबरोबर सरसेनापती मिन आँग ल्हाइंगही आले. याच सेनापतींनी पुढे १ फेब्रुवारी २०२१ रोजी निवडून आलेले सरकार मोडून सत्ता हाती घेतली.

लष्कराला एकाएकी राजाचा उमाळा का यावा? त्यांच्या नव्या राजधानीकडे पाहिले म्हणजे उलगडा होतो. तिचे नाव नेप्यिडॉ, म्हणजे राजाचे स्थान. तिथे तीन राजांचे प्रचंड पुतळे उभे आहेत : अनोरथा, बयिन्नाँग आणि अलाँगपया. तिघेही दिग्विजयी. हरलेला, परमुलखात मेलेला थिबा त्या रांगेत नाही. पराभूत राजाच्या थडग्यावर फुले वाहिली की इंग्रजांवरचा राग ताजा होतो आणि विजयी राजांचे पुतळे उभारले की आपण त्यांचे वारस ठरतो. या दोन्हींत राजा परत आणण्याचा प्रश्नच येत नाही. हवे असते ते केवळ त्याचे तेज.

चपलांपासून सुरुवात

परंतु सारा दोष लष्कराच्या माथी मारून चालणार नाही. या चळवळीचे मूळ फार जुने आहे आणि ते निर्मळ होते. राजा हा बौद्ध संघाचा पालक. तो गेला आणि संघ पोरका झाला. १९०६ साली तरुण बौद्धांची संघटना निघाली. तिने हाती घेतलेला मोठा प्रश्न कोणता, तर गोऱ्या साहेबांनी पॅगोड्यात बूट घालून यावे की नाही! आपल्या देवळात कोणी बुटांनिशी शिरला तर आपल्याला काय वाटेल? तेच त्यांना वाटले. त्यात गैर काहीच नव्हते.

त्यातूनच ऊ उत्तम यांच्यासारखे भिक्षू पुढे आले आणि इंग्रजांच्या तुरुंगात गेले. पुष्कळांना ठाऊक नसेल, हेच भिक्षू उत्तम १९३५ साली कानपूरला हिंदुमहासभेचे अध्यक्ष होते. दोनच वर्षांनी, रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून सुटलेले सावरकर त्याच खुर्चीवर बसले. शेजाऱ्यांची राजकारणे आपण समजतो तितकी दूरची नसतात, ती अशी.

पुढे मंदी आली. भाताचे भाव कोसळले, शेतकरी कर्जात बुडाला आणि खालच्या ब्रह्मदेशातील सुपीक जमिनीचा मोठा हिस्सा चेट्टियार सावकारांच्या हाती गेला. रंगून शहरात तर १९३१ साली निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी लोकांची होती. १९३० साली साया सान नावाच्या माणसाने स्वतःला राजा म्हणवून खेड्यांत बंड पुकारले. भाले-कोयत्यांनिशी लोक बंदुकांपुढे गेले. त्याच वर्षी रंगूनमध्ये हिंदी मजुरांविरुद्ध दंगा झाला, १९३८ साली मुसलमानांविरुद्ध झाला. बूट घातलेला साहेब दूर बंगल्यात होता. हाताशी होता तो शेजारचा दुकानदार आणि गोदीतला हमाल. राग त्याच्यावर निघाला. १९६२ साली लष्कराने सत्ता घेतल्यावर दुकाने सरकारजमा झाली आणि लाखो हिंदी लोक रिकाम्या हातांनी बोटीत बसले.

२०१२ नंतर तीच गोष्ट नव्या वेषात आली. दुकानांवर ९६९ हा आकडा दिसू लागला. बुद्धाचे नऊ, धम्माचे सहा आणि संघाचे नऊ गुण, असा त्याचा पवित्र अर्थ. व्यवहारातला अर्थ मात्र, माल याच दुकानातून घ्या, मुसलमानाच्या नको. मंडालेचे विराथू हे भिक्षू या प्रचाराचे अग्रणी होते. २०१५ साली धर्मांतर, आंतरधर्मीय विवाह आणि लोकसंख्या यांवर कायदेही झाले. २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत सात लाखांहून अधिक रोहिंग्या माणसे जीव मुठीत धरून बांगलादेशात गेली.

आपल्या महाराष्ट्राला हे वाचताना विशेष कोडे पडते. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले आंबडवे, ते डॉ. आंबेडकर १९५४ साली रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. दोन वर्षांनी त्यांनी नागपूरला समतेसाठी बुद्धाचा मार्ग घेतला. एकच बुद्ध, नागपूरला तो गावकुसाबाहेरच्यांना आत घेतो आणि मंडालेत त्याच्या नावाने शेजाऱ्याला बाहेर घालवतात! यावरून एवढेच समजावे की कोणताही धर्म याला अपवाद नाही. लंकेतही १९५६ साली बंडारनायके भिक्षूंच्या पाठिंब्याने व केवळ सिंहलीच्या घोषणेवर निवडून आले आणि तीनच वर्षांनी एका भिक्षूच्याच गोळीने गेले.

आंब्याच्या बागेतला नेपाळी

नेपाळची गोष्ट मात्र खरोखरच राजाची आहे. २८ मे २००८ रोजी तिथले राजेपद संपले. त्यानंतर डझनावर सरकारे आली नि गेली. खुर्च्यांवर माणसे मात्र तीच तीच. ९ मार्च २०२५ रोजी माजी राजे ज्ञानेंद्र काठमांडूच्या विमानतळावर उतरले, तेव्हा हजारोंनी त्यांचे स्वागत केले. त्याच महिनाअखेरच्या राजनिष्ठांच्या निदर्शनांत हिंसा होऊन दोघे दगावले.

नेपाळ आमच्या रत्नागिरीला तसा अपरिचित नाही. दिवाळी झाली की नेपाळी गडी येतात आणि पावसाच्या तोंडापर्यंत आमच्या हापूसच्या बागा राखतात. मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटींवरही तेच दिसतात. त्या मार्चमध्ये ओळखीच्या एका बागेत मी राखणदाराला विचारले, "काय दाजू, राजा येणार म्हणे परत?"

त्याने मोबाइलवर ती मिरवणूक पाहिली होती. डोळ्यांत चमक होती. म्हणाला, "आला तर बरं होईल साहेब. राजा होता तेव्हा देशाला मान होता."

"मग तू घरी परत जाशील?"

तो जरा थांबला. हातातला झेला कलमाला टेकवून म्हणाला, "राजा होता तेव्हा माझा बापपण इथंच राखणीला यायचा."

मान आणि भाकरी यांच्यात गल्लत होते ती नेमकी इथे, हे मला त्या गड्याने एका वाक्यात शिकवले. नवे राज्यकर्ते भाकरी देत नाहीत, म्हणून माणसाला जुना मान आठवतो. ही आठवण खोटी नसते. पण जुन्या काळीही भाकरी नव्हती, हे ती सांगत नाही. पुढे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नेपाळच्या तरुण पोरांनी भ्रष्टाचाराविरुद्ध उठून सरकार उलथले, तेव्हा हंगामी कारभार माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्याकडे आला. राजाला कोणी राजवाड्यात नेऊन बसवले नाही.

दोन प्रश्न

जुन्याचे प्रेम हा काही गुन्हा नव्हे. आपणही आकाशकंदील लावतो, नरकचतुर्दशीला कारीट फोडतो आणि आजीच्या हातचे पोहे आठवून हळवे होतो. परंपरा जपू पाहणाऱ्या प्रत्येकाला एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. बूट काढा म्हणणारा भिक्षू आणि त्या दुकानात जाऊ नका म्हणणारा भिक्षू यांच्या चीवराचा रंग एक असला, तरी माणसे दोन आहेत. ती ओळखण्यासाठी दोन प्रश्न पुरतात, असे मला वाटते. ही चळवळ आमचे काही जपायला सांगते, की दुसऱ्याचे काही हिरावून घ्यायला? आणि जुने वैभव परत आल्यावर परक्या बागेत राखण करणारा गडी घरी जाईल काय?

ब्रह्मदेशातले सामान्य मतदार अडाणी नव्हते. २०१५ साली भिक्षूंच्या प्रचाराचा एवढा गाजावाजा होऊनही त्यांनी लष्कराच्या पक्षाला नाकारून आँग सान सू ची यांच्या पक्षाला भरघोस मते दिली होती, २०२० साली पुन्हा दिली. पण शेजारचे रोहिंग्या गाव पेटले तेव्हा त्यांतले बहुतेक गप्प बसले. ते आमचे नव्हेत, असे त्यांना वाटले. चारच वर्षांनी तोच बंदुकीचा दस्ता त्यांच्या स्वतःच्या दारावर वाजला.