बड्या जुगाऱ्याची बडदास्त

टेरन्स वातानाबे या अमेरिकी उद्योजकाने २००७ या एका वर्षात लास वेगसमधल्या सीझर्स पॅलेस आणि रिओ या दोन कॅसिनोंमध्ये सुमारे १२ कोटी ७० लाख डॉलर घालवले. त्या वर्षभरात त्यांनी डावांवर लावलेली एकूण रक्कम ८२ कोटी ५० लाख डॉलरच्या वर होती. दोन्ही कॅसिनो ज्या कंपनीच्या मालकीचे होते, तिच्या लास वेगसमधल्या जुगाराच्या उत्पन्नात या एकाच गिऱ्हाइकाचा वाटा पाच टक्क्यांहून अधिक होता.

वातानाबे मूळचे नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराचे. त्यांच्या वडिलांनी १९३२ मध्ये ‘ओरिएंटल ट्रेडिंग कंपनी’ काढली होती. खेळणी, छोट्या भेटवस्तू आणि समारंभाच्या सजावटीचे सामान विकणारा हा व्यवसाय १९७७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, टेरन्स यांच्या हाती आला. त्यांनी तो खूप वाढवला आणि २००० मध्ये विकून टाकला. हाताशी अमाप पैसा आला, पण दिवस भरून काढणारे काम गेले. काही वर्षांतच ते मिसुरी नदीपलीकडच्या काउन्सिल ब्लफ्स गावातल्या कॅसिनोत जाऊ लागले आणि तिथून लास वेगसला पोहोचले. तिथल्या विन कॅसिनोचे मालक स्टीव्ह विन यांनी त्यांचे अनावर खेळणे आणि पिणे पाहून २००७ मध्ये त्यांना प्रवेश बंद केला. सीझर्स पॅलेस आणि रिओचे दरवाजे मात्र उघडे होते.

अशा गिऱ्हाइकाला कॅसिनोच्या धंद्यात ‘व्हेल’ म्हणतात. त्याच्यासाठी हॉटेलातला सर्वांत मोठा सूट, विमानप्रवास, जेवणखाण, मद्य आणि कार्यक्रमांची तिकिटे फुकट असतात. त्याच्या दिमतीला ‘होस्ट’ नावाचा खास कर्मचारी दिला जातो. गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडी, वाढदिवस, घरची माणसे हे सगळे होस्टला पाठ असते. वातानाबे यांच्यासाठी तर कंपनीच्या नेहमीच्या सर्वोच्च श्रेणीच्याही वर एक वेगळी श्रेणी निर्माण केली गेली. टेबलावरच्या मोठ्या हारीतला काही भाग परत मिळण्याची सवलतही त्यांना होती.

ही बडदास्त हिशेब करूनच ठेवली जाते. गिऱ्हाईक एका डावाला किती लावतो, तासाला किती डाव खेळतो, किती तास बसतो आणि त्या खेळात कॅसिनोचा हिस्सा किती, यांच्या गुणाकारातून त्याची अपेक्षित हार निघते. तिचा ठरावीक भाग पाहुणचारावर खर्च होतो. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ अगदी अचूक खेळला, तर लावलेल्या रकमेपैकी साधारण अर्धा टक्का कॅसिनोकडे जातो. बाकारा या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’च्या बाजूवर पैसे लावले तर १.०६ टक्के, दोन शून्ये असलेल्या अमेरिकी रुलेटमध्ये ५.२६ टक्के. हे आकडे किरकोळ वाटतात, पण वातानाबे कधीकधी ब्लॅकजॅकचे तीन हात एकदम खेळत आणि प्रत्येकावर ५० हजार डॉलर लावत. ताशी साठ डाव धरले, तर तासाभरात ९० लाख डॉलर टेबलावरून फिरतात. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ४५ हजार डॉलर, तेही एकही चूक न करता खेळल्यास. थकलेल्या किंवा प्यालेल्या माणसाकडून असा खेळ होत नाही. स्लॉट मशीनचा हिस्सा बहुतेक टेबलखेळांपेक्षा मोठा असतो, आणि वातानाबे यांना स्लॉट मशीनची फार ओढ होती. त्यांनी लावलेल्या दर शंभर डॉलरांपैकी सुमारे पंधरा कॅसिनोकडे राहिले, ते यामुळेच. एखाद्या रात्री मोठा डाव लागतोही, पण खेळ जितका लांबतो तितके दैव मागे पडते आणि टक्केवारीच उरते.

यात उधारीची भर पडते. ओळखीच्या बड्या गिऱ्हाइकाला कॅसिनो ‘मार्कर’ देतो. मार्कर ही बिनव्याजी कर्जाची चिठ्ठी असते. तिच्यावर सही केली की टेबलावरच चिप्स मिळतात. नोटा मोजून द्याव्या लागत नसल्याने पैसा गेल्याची बोच लागत नाही. नेवाडाच्या कायद्यात मात्र मार्करची किंमत चेकइतकी आहे, आणि तो वटला नाही तर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. वातानाबे यांनी ११ कोटींहून अधिक डॉलर चुकते केले, पण १ कोटी ४७ लाख डॉलरचे मार्कर थकले. २००९ मध्ये त्यांच्यावर चार गुन्हे नोंदवले गेले. त्यांत २८ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. आपल्याला दारू आणि वेदनाशामक गोळ्या पुरवून खेळत ठेवले गेले, असा आरोप त्यांनी केला. कंपनीने तो फेटाळला. २०१० मध्ये तडजोड होऊन खटला मागे घेण्यात आला. या प्रकरणी न्यू जर्सीच्या नियामकांनी कंपनीला केलेला दंड होता २ लाख २५ हजार डॉलर.

सर्वस्व जात असतानाही माणूस उठत का नाही? १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने विकृत जुगाराची नोंद मनोविकारांच्या यादीत केली. २०१३ मध्ये तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात गेला. निदानासाठी नऊ लक्षणे पाहिली जातात. तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवत जावी लागणे, खेळ थांबवला की चिडचिड होणे, हरलेले पैसे वसूल करायला पुन्हा जाणे, घरच्यांशी खोटे बोलणे, पैशांसाठी इतरांपुढे हात पसरणे ही त्यांपैकी काही. वर्षभरात चार किंवा अधिक दिसली की विकार मानला जातो.

मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा यात मोठा भाग आहे. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला, की त्याची ओढ अधिक चिवट होते. थोडक्यात हुकलेला डावही मेंदूतली जिंकण्याशी जोडलेली केंद्रे जागी करतो, म्हणून हारही पुढच्या डावाला चिथावणी देते. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामाइनसारखे काम करणारी औषधे सुरू केल्यावर जुगाराचा अनावर नाद लागला आणि औषध कमी करताच तो ओसरला. हा विकार केवळ चारित्र्याचा दोष नाही, हे यावरून पुरते स्पष्ट होते.

श्रीमंती या आजारात आधार देत नाही, उलट निदान लांबवते. पगारदार माणूस काही महिन्यांत कर्जबाजारी होतो आणि घरच्यांना कळते. गर्भश्रीमंताला वर्षानुवर्षे हरणे परवडते, आणि भोवतालच्या माणसांची कमाई त्याच्या खेळण्यावरच अवलंबून असते. सावध करणारे दूर जातात आणि खेळवत ठेवणारे जवळ येतात. पैसा संपतो तेव्हा लाज, एकाकीपणा आणि आत्महत्येचा मोठा धोका समोर असतो.

महाराष्ट्रात कॅसिनोला वाव देणारा १९७६ चा कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मात्र मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत. गोमंतकीयांना तिथे खेळायला बंदी घालण्यात आली; गिऱ्हाईक म्हणून अपेक्षा आहे ती बाहेरून येणाऱ्यांची, आणि त्यांत शेजारचे मराठी लोकही येतात. आपल्या माणसांसाठी घातक ठरलेली गोष्ट पाहुण्यांसाठी निरुपद्रवी कशी, या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे. माणूस आजारी आहे हे दिसत असताना त्याला उधार देत राहणे हा पाहुणचार नव्हे, ते शोषण आहे.

हा आजार बरा होऊ शकतो. ‘डाव लागायची वेळ आली आहे’ यासारख्या चुकीच्या समजुती सोडवणारी वर्तनोपचार पद्धती उपयोगी पडते. नॅल्ट्रेक्सोन या औषधाने काहींची ओढ कमी होते. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या ‘गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस’च्या गटांत जुगारीच एकमेकांना सावरतात. अनेक देशांत स्वतःचे नाव प्रवेशबंदीच्या यादीत घालून घेता येते. भारतात १४४१६ या ‘टेली-मानस’च्या सरकारी क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. घरच्यांनी दोन गोष्टी लगेच कराव्यात. पैशांचे व्यवहार आपल्या हाती घ्यावेत, आणि ‘एवढे शेवटचे’ म्हणून मागितलेले कर्ज फेडून देऊ नये, कारण कर्ज फिटले की खेळायला पुन्हा वाट मोकळी होते. माणसाला धिक्काराची गरज नसते. त्याला डॉक्टरांपर्यंत नेऊन पोहोचवावे लागते.