रविवारचा तास आणि बिनपगारी गुरुजी

भोपाळच्या रेल्वे स्थानकाच्या पूर्वेला, प्रभात चौक आणि रायसेन रस्त्याच्या आसपास अशोका गार्डन ही दाट वस्ती पसरली आहे. तिच्या पलीकडे गोविंदपुरा आणि ‘भेल’. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इथे विजेच्या अवजड यंत्रांचा कारखाना उभा राहू लागला आणि कामासाठी देशभरातून माणसं आली. त्यांत केरळ-तमिळनाडूची कॅथलिक कुटुंबंही होती. शहराच्या या भागातल्या कॅथलिक मुलाच्या घरात मल्याळम, कुडुख किंवा मराठी असते, शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी. मिस्साही बहुतेक वेळा हिंदीतच होते. अशा मुलाला देवाची ओळख कोणत्या भाषेत करून द्यायची?

रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात उभं राहणाऱ्या माणसापुढे हा प्रश्न दर आठवड्याला असतो. हा माणूस सहसा फादर नसतो, पुष्कळदा सिस्टरही नसते. इस्पितळातली परिचारिका, बँकेतला कारकून, निवृत्त शिक्षिका, कॉलेजात शिकणारी मुलगी, असे पॅरिशमधलेच लोक हे काम हौसेने आणि श्रद्धेने अंगावर घेतात. पगार नसतो. आठवडाभर नोकरी केल्यावर मिळालेल्या एकुलत्या एका सुट्टीची सकाळ ते या मुलांना देतात.

या वर्गात पाठांतर चालतं, आणि ते हवंच. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा, सात संस्कार. १९९२ साली रोमने प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचे चार भाग आहेत: आपण काय मानतो, उपासना कशी करतो, कसं जगतो आणि प्रार्थना कशी करतो. मुलांचे धडेही याच चार गोष्टींभोवती फिरतात. पण धर्मशिक्षकाची खरी परीक्षा असते पहिल्या कम्युनियनच्या तयारीत. त्याआधी मुलाला पहिलं पापनिवेदन करायचं असतं. आठ वर्षांच्या मुलाला पाप म्हणजे काय ते सांगायचं, आणि त्याला घाबरवायचं मात्र नाही. हातून दूध सांडलं ही चूक. ताईच्या डब्यातले पैसे घेतले आणि आळ धाकट्यावर ढकलला, हे पाप. एवढं कळलं की मूल स्वतःच आपली यादी करायला लागतं, आणि त्या यादीकडे क्षमेच्या बाजूने बघायला शिकवणं हे शिक्षकाचं काम. नरकाची भीती घालून वर्ग शांत बसवणं सोपं असतं. माझ्या मते त्याइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही.

मग मुलं विचारतात, ओस्तियात, म्हणजे कम्युनियनच्या पवित्र भाकरीत, येशू खरंच असेल तर चावल्यावर त्याला लागत नाही का? प्रश्न भाबडा वाटतो, पण युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतकं याच्याच आसपास वाद झाले आहेत. चांगला धर्मशिक्षक हसण्यावारी नेत नाही. आता त्याला दुःख शिवत नाही, तो पुनरुत्थित आहे, असं तो सांगतो आणि ईस्टरच्या गोष्टीकडे वळतो.

इतक्या लहान मुलांना हे शिकवण्याची वेळ आली ती दहाव्या पायस या पोपमुळे. पूर्वी पुष्कळ ठिकाणी पहिल्या कम्युनियनसाठी दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागे. १९१० साली पोपनी ती मर्यादा साधारण सात वर्षांवर आणली. त्याआधी १९०५ मध्येच त्यांनी दर रविवारी मुलांना तासभर धर्मशिक्षण देण्याचा आणि प्रत्येक पॅरिशमध्ये त्यासाठी मंडळ उभारण्याचा आदेश दिला होता. मुलं लहान झाली आणि वर्ग वाढले. एकट्या फादरना ते पेलणं शक्य नव्हतं, आणि सामान्य माणसांना या वर्गात मोठी जागा मिळाली. ती कल्पनाही नवी नव्हती. मिलानमध्ये १५३६ पासूनच सणावारी मुलांना जमवून शिकवण्याच्या शाळा सुरू झाल्या होत्या.

आपल्याकडची परंपरा जवळपास तेवढीच जुनी आहे. १५४२ साली गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर घंटा वाजवत गल्लीबोळांतून मुलांना गोळा करत. पुढे तमिळ मुलखातल्या मासेमारीच्या किनाऱ्यावर त्यांनी तमिळ जाणकारांच्या मदतीने प्रार्थना त्या भाषेत आणल्या, स्वतः पाठ केल्या आणि मुलांकडून म्हणवून घेतल्या. शिकलेलं घरी जाऊन आईवडिलांना शिकवा, असं ते मुलांना सांगत. गावोगाव स्थानिक माणूस नेमून ते पुढे जात. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनीही भाषेचाच धागा धरला. मुलांसाठी त्यांनी कोंकणीत प्रश्नोत्तरी लिहिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये राशोल इथे छापली गेली. पण नव्या ख्रिस्ती लोकांना नुसती प्रश्नोत्तरं पुरत नव्हती, त्यांना पुराण हवं होतं. १६१६ चं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे ते यासाठी. भोपाळच्या वर्गात हाच धडा उपयोगी आहे. हिंदीत शिकवावं, पण मुलाने घरच्या भाषेत प्रार्थना म्हटली तर तिला मान द्यावा, आणि गोष्टीला प्रश्नोत्तरांच्या आधी जागा द्यावी.

भोपाळचा महाधर्मप्रांत १९६३ साली स्थापन झाला. पहिले आर्चबिशप युजीन डिसोझा नागपूरहून तिथे गेले होते. तेव्हा रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. मिस्सा लोकांच्या भाषेत आली ती त्या परिषदेमुळे, आणि १९६५ मध्ये तिने धर्मशिक्षकांच्या कामाचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. १९६७ साली फादर अमलोरपवदास यांनी बंगळूरला बायबल, धर्मशिक्षण आणि उपासनाविधी यांसाठी राष्ट्रीय केंद्र उभारलं, आणि देशातल्या धर्मशिक्षणाला भारतीय वळण देण्याचा प्रयत्न तिथून झाला. पुढे १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकपद हे सामान्य स्त्री-पुरुषांसाठी चर्चचं अधिकृत सेवापद म्हणून जाहीर केलं.

हे महत्त्वाचं आहे, कारण ‘फादर कमी पडतात म्हणून हे लोक’ अशी समजूत अजून आहे. पापुआ न्यू गिनीच्या पीटर टो रोट यांचं उदाहरण पाहा. ते विवाहित होते आणि गावात धर्मशिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी मिशनऱ्यांना स्थानबद्ध केलं तेव्हा टो रोट यांनी गावाची प्रार्थना चालू ठेवली, बहुपत्नीत्वाला विरोध केला, आणि १९४५ मध्ये तुरुंगात त्यांना मारण्यात आलं. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना संत घोषित केलं गेलं. त्यांना कोणी फादरची उणीव भरून काढणारा माणूस म्हणणार नाही.

मध्य प्रदेशात या कामाला कायद्याचीही चौकट आहे. धर्मांतराविषयी तिथे १९६८ पासून कायदा आहे, २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून कॅथलिक शाळांत सहसा कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण असे तास वेगळे असतात. पॅरिशच्या वर्गातही पालकांची लेखी संमती घेऊन ठेवणं शहाणपणाचं. २०१२ चा पॉक्सो कायदा प्रत्येकाला लागू आहे. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने बसू नये, आणि मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ते पोलिसांपर्यंत न्यावंच लागतं, हे शिकवायला सुरुवात करण्याआधीच प्रत्येक स्वयंसेवकाला सांगितलं गेलं पाहिजे.

चर्चच्या नियमांनुसार मुलांचे पहिले धर्मशिक्षक आईवडील. संध्याकाळची प्रार्थना घरात बंद झाली असेल तर रविवारचा तास एकटा काही करू शकत नाही, आणि त्याचं खापर त्या बिनपगारी शिक्षिकेवर फोडणं अन्याय आहे. तिच्यासाठी पॅरिशने करण्याजोगं बरंच आहे: वर्षातून एकदा नीट प्रशिक्षण, वर्गात सोबतीला दुसरा माणूस, पुस्तकांचा आणि येण्याजाण्याचा खर्च, आणि पालकसभेत तिला बोलायला वेळ. झेवियरनी आपल्या गावोगावच्या शिक्षकांसाठी पोर्तुगालच्या दरबाराकडून पैसे मागून आणले होते. आजच्या पॅरिश कौन्सिलने आपल्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवायला काहीच हरकत नाही.